जास्तीचे आठ मैल

१

१९०५ सालच्या माघातल्या एका मंगळवारी भर दुपारी असिस्टंट कलेक्टर साहेब जुन्नरच्या सरकारी बंगल्यासमोर घोड्यावरून उतरले, तेव्हा बंगल्याला कुलूप होतं. ना मामलेदार हजर, ना दूध, ना कोंबडी, ना आंघोळीला पाणी. साहेब मंचरहून वीस मैल धूळ खात आलेले. पायरीवर बसून त्यांनी अर्धा तास वाट पाहिली, आणि त्या अर्ध्या तासात मामलेदारांच्या बारा वर्षांच्या नोकरीचा पार चुराडा झाला.

साहेबांनी सकाळी सव्वानऊलाच मंचरहून तार केली होती. घोडेगावचा बेत रद्द, आज दुपारी जुन्नरला येतो. ती तार जुन्नरला पोचली पावणेबाराला, कारण मधले अडीच तास लाइन बंद होती. मामलेदार धावत सुटले तोवर साहेब पायरीवर बसले होते.

आता एवढ्या मोठ्या रागाला कुणीतरी धनी हवाच. तो तिसऱ्या दिवशी सापडला. तारखात्याचा लाइनमन कासम. त्याने मुद्दाम तार जमिनीला जोडून बंद पाडली असा आरोप ठेवून फौजदारांनी त्याला कचेरीच्या कोठडीत टाकलं.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी पुण्याहून तारखात्याचे इन्स्पेक्टर सखाराम परचुरे टांग्यातून उतरले. सोबत एक लाकडी पेटी. पेटीत दोन मीटर, एक व्होल्ट मोजणारा, दुसरा अँपिअर. परचुऱ्यांचा माणसांवर विश्वास बेताचा, आकड्यांवर अपार. "माणूस साक्ष फिरवतो, काटा फिरवत नाही," असं ते येताजाता सांगत, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा सांगत.

कचेरीच्या दारात एक बाई पदर सावरत उभी होती. कासमची बायको, बिबिजान.

"साहेब, उद्या जुम्म्याच्या नमाजीनंतर ताजबीचा निकाह हाय," ती म्हणाली. "लेकीचा बाप कोठडीत. आज चार वाजता त्याला पुण्याला नेत्यात म्हणं. मग नवऱ्याकडची मान्सं दारातनं मागं फिरतील. चोराची लेक कोण करून घेतंय?"

परचुऱ्यांनी खिशातलं घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते.

"बाई, गुन्हा त्याने केला असेल तर मी त्याला सोडवणार नाही," ते म्हणाले. "केला नसेल तर चार वाजायच्या आत तो घरी येईल. हिशेब माझा आहे, तो चुकत नाही."

हे बोलणं त्या दिवशी त्यांच्या चांगलंच अंगाशी येणार होतं.

२

जुन्नरचं पोस्ट आणि तारऑफिस एकाच घरात. बाहेरच्या खोलीत पोस्टमास्तर उपासनी, आतल्या खोलीत तारबाबू कुंडलिक साठे. बाहेरून येणारी तार खिडकीतून शिरून मास्तरांच्या खुर्चीमागच्या लाकडी फळीवर उतरायची. फळीवर पितळेचे दोन स्क्रू होते, एक तारेचा आणि एक जमिनीचा. तिथून ती आत कुंडलिकच्या यंत्राकडे जायची.

उपासनी मास्तर पेन्शनीला वर्षभर उरलेले, पांढऱ्या मिशांचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी चहा मागवला आणि बशीत दोन बुंदीचे लाडू ठेवले.

"जरा कडक झालेत. आठ दिवस झाले. आमच्या चिमीचं लग्न झालं ओतूरला."

"अरे वा, अभिनंदन." परचुऱ्यांनी लाडू फोडायचा प्रयत्न केला आणि तो बशीतच ठेवला. "रजिस्टर दाखवा."

"दाखवतो. आधी एवढं एक पाकीट." मास्तरांनी टेबलाच्या खणातून लाखेची कांडी काढली आणि पाकिटावर मोहर केली. कांडी मधोमध वाकलेली, खणातल्या कागदाचा तुकडा तिला चिकटलेला. "उन्हाने मऊ होते मेली," ते पुटपुटले.

परचुऱ्यांनी उपरणं आणखी घट्ट गुंडाळलं. माघातली थंडी अजून हटली नव्हती.

कुंडलिक साठे तिशीचा, बारीक, कामात चोख. त्याने मंगळवारची नोंद पुढे केली.

"सव्वानऊला मंचरचा ठोका बंद झाला. नियमाप्रमाणे आलटून पालटून तपासणी सुरू केली. पाव तास मंचरने तारेचं टोक मोकळं सोडायचं आणि मी मोजायचं. पुढचा पाव तास मी सोडायचं, त्यांनी मोजायचं. पावणेबारापर्यंत तेच केलं."

"आकडा?"

"बॅटरी बारा व्होल्ट. प्रवाह दोनशे मिलिअँपिअर. दर वेळी तोच."

दाराशी फौजदार येऊन उभे होते. त्यांना समजावायला परचुऱ्यांनी भिंतीवरच्या काळ्या फळ्यापाशी जाऊन खडू उचलला.

"फौजदार, मंचरचं टोक मोकळं असेल तर तारेतून काहीच वाहायला नको. बंद मोरीत पाणी वाहील का? पण इथे वाहत होतं. म्हणजे वाटेत कुठेतरी तार जमिनीला टेकली होती. आता व्होल्टला अँपिअरने भागा, की अडथळा येतो. हजार मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअर, तेव्हा दोनशे म्हणजे शून्य पूर्णांक दोन. बारा भागिले शून्य पूर्णांक दोन. किती?"

फौजदारांनी छताकडे पाहिलं.

"साठ. साठ ओहम. आपली लोखंडी तार मैलाला पंधरा ओहम अडथळा करते. साठ भागिले पंधरा, चार. म्हणजे दोष इथून बरोबर चौथ्या मैलावर."

"तेच तर!" फौजदार म्हणाले. "आणि चौथ्या मैलावरच कासम त्या दिवशी खांबावर चढला होता. पाहणारा माणूस आहे माझ्याकडे."

३

चौथ्या मैलावर, कुकडीच्या काठी, महंमद हनीफ कागद्याचा कारखाना होता. जुनी पोती, दोर, जाळी कुजवून त्याचा हाताने कागद करायचा आणि चुन्याच्या भिंतींवर थापून वाळवायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. तारेचा खांब नेमका त्याच्या अंगणात रोवलेला.

"ह्यो खांब मला विचारून न्हाई रोवला," हनीफ फणकारला. "तीन साल अर्ज करतोय, हलवा म्हनून. म्हनून काय मी तार तोडीन? मला बी पोरंबाळं हायती."

"मंगळवारी खांबावर काय झालं?"

"वारं सुटलं व्हतं. माजं भिजलेलं तरट उडालं आनि तारंवर जाऊन बसलं. कासमभाईला मीच हाळी दिली. त्यो चढला, तरट काढलं, उतरला. बास."

शेजारच्या मळ्यातला सयाजी हा फौजदारांचा साक्षीदार. तो खरं बोलणारा होता, आणि तेच कासमच्या मुळावर आलं होतं.

"म्या बघितलं राव. ऊन डोईवर यायच्या जरा आदी. कासम उतरला, आनि थोड्या येळानं तुमचा शिपाई सांगत आला का तार चालू झाली."

"बघा!" फौजदारांनी मांडीवर थाप मारली. "उतरला आणि तार चालू झाली. ह्याला मास्तरांनी पोरीच्या निकाहाची रजा नाकारली होती. राग होता मनात."

परचुरे खांबाभोवती फिरले. ओलं तरट तारेवर पडून खांबाला टेकलं तर थोडा प्रवाह गळतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण तार जिच्यावर टेकते त्या चिनी मातीच्या टोपीपासून जमिनीपर्यंत बारा हात कोरडं लाकूड. तरटातून जेमतेम थेंबभर प्रवाह गळेल. कुंडलिकचा आकडा मात्र सव्वानऊपासून पावणेबारापर्यंत तसूभर हलला नव्हता. तरट वाऱ्याने हलतं, वाळतं, आकडा बदलायला हवा. इतका स्थिर आकडा येतो तो धातूला धातू जोडल्यावरच. म्हणजे कुणीतरी खांबावरून जमिनीत तार सोडलेली असणार, आणि खांबावर चढायचं कसब एकट्या कासमकडे.

कोठडीच्या गजाआड कासम शांत बसला होता. परचुऱ्यांना पाहून उभा राहिला.

"तरट कधी पडलं?"

"मला काय ठावं? हनीफनं हाळी मारली तवा मी चढलो. साहेब, सोळा साल झाली. ह्या लाइनीची येक येक टोपी माज्या हातानं पुसलीय. तिला मी मारीन व्हय?" तो थांबला. "मास्तरांनी रजा दिली न्हाई ह्ये खरं. वाईट वाटलं. पर वाईट वाटनं म्हंजी काय गुन्हा हाय का?"

परचुऱ्यांना त्याचं बोलणं पटलं, आणि पटलं याचाच त्यांना राग आला. आकडा त्याच्या विरुद्ध होता. दीड वाजत आला होता.

४

तारऑफिसात परतल्यावर परचुऱ्यांनी कुंडलिकला सांगितलं, "मंचरला विचार, त्या दिवशी त्यांच्या बाजूने काय मोजलं. एकाच टोकाच्या नोंदीवर माणूस तुरुंगात धाडायचा नाही."

कुंडलिकने ठोके द्यायला घेतले. तेवढ्यात परचुऱ्यांनी फौजदारांना जवळ बोलावलं. आपण किती हुशार आहोत हे दाखवायची संधी ते सहसा सोडत नसत.

"मंचर ते जुन्नर तार वीस मैल. दोष आपल्यापासून चारवर, म्हणजे मंचरपासून सोळावर. सोळा गुणिले पंधरा, दोनशे चाळीस ओहम. मंचरची बॅटरी अठरा व्होल्टची. अठरा भागिले दोनशे चाळीस. उत्तर आधीच लिहून ठेवतो." त्यांनी चिठ्ठीवर 'पंच्याहत्तर मिलिअँपिअर' असं लिहिलं आणि चिठ्ठी दौतीखाली सरकवली. "मंचरहून हाच आकडा येणार. आला की कासमची केस पक्की. मला वाईट वाटेल, पण पक्की."

यंत्र खडखडू लागलं. कुंडलिक ऐकत लिहीत गेला. लिहिता लिहिता त्याच्या कपाळावर आठी पडली.

"काय म्हणतात?"

"अठरा व्होल्ट," कुंडलिक म्हणाला. "पन्नास मिलिअँपिअर."

"पंच्याहत्तर."

"नाही साहेब. पन्नास. मी दोनदा विचारलं."

परचुऱ्यांनी दौत उचलली, चिठ्ठीकडे पाहिलं, आणि ती चुरगळून खिशात घातली.

५

पुढची दहा मिनिटं ते फळ्यासमोर एकटे उभे होते. अठरा भागिले शून्य पूर्णांक शून्य पाच. तीनशे साठ. तीनशे साठ भागिले पंधरा, चोवीस मैल. मंचरपासून चोवीस मैल! पण जुन्नरच वीस मैलांवर. दोष काय पुढे जाऊन शिवनेरीच्या मागे उभा होता?

इकडून चार, तिकडून चोवीस. बेरीज अठ्ठावीस. तार मात्र वीस मैल. जास्तीचे आठ मैल आले कुठून?

आणि मग ते मोठ्याने हसले. स्वतःलाच हसले, कारण सकाळपासून त्यांच्या लक्षात न आलेली चूक त्यांनीच फळ्यावर खडूने लिहिलेली होती.

"कुंडलिक! साठ ओहम म्हणजे काय?"

"चार मैल, साहेब."

"सगळा घोळ इथेच! आपण तारखात्यातली माणसं, ओहम दिसला की लगेच मैल मोजतो. सवय लागलीय. अरे, काट्याला मैल कळत नाहीत, त्याला फक्त अडथळा कळतो. तो चार मैल लोखंडी तारेचा असेल, नाहीतर मुठीत मावणाऱ्या बारीक तारेच्या गुंडाळीचा असेल. ती गुंडाळी इथे, जुन्नरच्या टोकालाच, तार आणि जमीन यांच्यामध्ये लावली तर? आपल्याला साठच दिसणार. आणि मंचरला?"

कुंडलिकने बोटं मोजली. "वीस मैलांचे तीनशे. अधिक साठ. तीनशे साठ."

"तीनशे साठ! चौथ्या मैलावर त्या दिवशी काहीही झालं नाही. झालं ते या घरात."

कुंडलिकचा चेहरा उतरला, कारण या घरात तारेतलं कळणारा माणूस तोच होता, आणि फौजदारांची नजर आता कासमला सोडून त्याच्यावर आली होती.

६

"मोडीत काढलेल्या सामानाचं कपाट उघडा," परचुरे म्हणाले.

कपाटात जुनी यंत्रं, फुटक्या बरण्या, गंजके स्क्रू. तळाशी एका जुन्या ठोक्याच्या यंत्राची रेशमी दोऱ्याने मढवलेली गुंडाळी. दोन्ही टोकं नुकतीच खरवडलेली, लख्ख. परचुऱ्यांनी ती आपल्या मीटरना जोडली. बारा व्होल्ट. काटा दोनशेवर जाऊन उभा राहिला.

गुंडाळी उलटी केली. रेशमावर तांबड्या लाखेचा एक ठिपका होता.

"कुंडलिक, खरं सांग. साहेबांचा बेत बदलला हे तुला तार यायच्या आधी माहीत होतं?"

"होतं," कुंडलिक घाबरत म्हणाला. "साडेआठला मंचरच्या तारबाबूने गप्पांत सांगितलं. साहेब नाश्ता झाला की तार देणार म्हणून. मी कुणाला बोललो नाही. म्हणजे, फक्त मास्तरांना. ते माझे वरिष्ठ."

परचुरे बाहेरच्या खोलीत आले. मास्तरांच्या खुर्चीमागची फळी, फळीखाली हातभर अंतरावर टेबलाचा खण.

"मास्तर, तुम्ही पोस्टात यायच्या आधी काय करत होता?"

"पंधरा वर्षं तारबाबू होतो," उपासनी म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"मग तुम्हाला शिकवायला नको. फौजदार, तुमच्यासाठी सांगतो. व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती कळते, वॅटमध्ये. बारा गुणिले शून्य पूर्णांक दोन, दोन पूर्णांक चार. एवढी ऊब दोषाच्या वाटेवर सांडत होती. चार मैल तारेवर पसरली तर बसलेल्या चिमणीच्या पायालाही कळणार नाही. पण तीच सगळी ऊब मुठीएवढ्या गुंडाळीत कोंडली, आणि गुंडाळी बंद खणात, लाखेच्या कांडीशेजारी ठेवली तर? आपण करून पाहू. पाव तास लागेल."

त्यांनी गुंडाळीला बॅटरी जोडली, एक नवी सरळ कांडी तिला टेकवून ठेवली आणि खण लावून घेतला. सगळे बसले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. तीन वाजायला वीस मिनिटं होती.

पाच मिनिटं गेली. आठ गेली. उपासनी मास्तर खणाकडे पाहत होते.

"उघडू नका," ते एकदम म्हणाले. "वाकली असेल. मीच लावली होती."

७

"चिमीचं वऱ्हाड नऊ वाजता निघालं होतं," मास्तर सांगू लागले. "सात भाड्याच्या गाड्या. गोरज मुहूर्त. साहेब यायची वर्दी कचेरीत गेली की मामलेदारांचे शिपाई पहिलं काय करतात? दिसेल ती गाडी वेठीला धरतात. मागच्या साली सुताराच्या पोरीचं वऱ्हाड भर रस्त्यात उतरवलं. नवरी उन्हात बसली, मुहूर्त टळला. माझी एकुलती एक लेक. मला अडीच तास हवे होते, गाड्या लांब जाईपर्यंत. नुसती तार सोडवली असती तर मंचरने जुन्नर गैरहजर म्हणून शेरा मारला असता, आणि कुंडलिक लगेच फळी तपासायला आला असता. दोष लाइनवर लांब दिसायला हवा होता. म्हणून गुंडाळी."

"चौथा मैलच का?"

"मी कशाला निवडतो? ही गुंडाळी हाती लागली. ती साठ ओहमची निघाली, म्हणून चौथा मैल आला. कासम तिथे चढेल हे स्वप्नातही नव्हतं."

परचुऱ्यांना बापाची कणव आली. वेठीचे शिपाई त्यांनी पाहिले होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढून दारात उभी असलेली बिबिजान हलेना.

"गुंडाळी हाती लागली ती लावलीत, ते मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण कासमला धरलं तेव्हा तुम्ही ओतूरहून परत आला होता. आज आठवा दिवस. तो गजाआड, आणि तुम्ही मला लाडू वाढलात. त्याचीही लेकच आहे, मास्तर. तिच्यासाठी तुम्ही रजासुद्धा दिली नाहीत."

उपासनींनी डोक्यावरची पगडी काढून टेबलावर ठेवली. नोकरी गेली, पेन्शन गेली, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतःच कागद ओढला आणि कबुलीजबाब लिहून दिला. एकही ओळ खोडली नाही. मग खणात हात घालून आणखी एक कागद काढला. कासमचा रजेचा अर्ज होता, कुणाकडून तरी लिहून घेतलेला, 'नामंजूर' असा शेरा मारलेला.

"अजून तासभर तरी मी पोस्टमास्तर आहे ना?"

"चार वाजेपर्यंत आहात," परचुरे म्हणाले.

मास्तरांनी शेरा खोडला, खाली 'चार दिवस मंजूर' असं लिहिलं, सही केली आणि कागद घेऊन स्वतः कचेरीकडे चालू लागले. कोठडीचं कुलूप निघालं तेव्हा ते कासमपुढे उभे होते. त्यांनी नुसता कागद पुढे केला.

कासमला वाचता येत नव्हतं. सगळी हकीकत परचुऱ्यांनी सांगितली. ऐकताना त्याचा चेहरा लाल झाला, मूठ वळली, आणि बराच वेळ तो मास्तरांच्या बोडक्या डोक्याकडे पाहत राहिला. मग त्याने कागद घेतला.

"चिमीताई सुखरूप पोचल्या का ओतूरला?" त्याने विचारलं.

"पोचली," मास्तर म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.

बिबिजान पायरीवर उभी होती. कासम तिच्याकडे निघाला आणि अर्ध्यात थांबून परचुऱ्यांकडे वळला.

"साहेब, रजा किती दिसांची दिलीय?"

"चार दिवस."

"तीन बास झालं. चौथ्या दिशी मला हनीफच्या अंगनातला खांब बघाया पायजे. त्यो बुडाला खरंच हालतोया. मी त्याचा रिपोर्ट देनारच व्हतो, पर त्या आदीच फौजदारांनी मला धरून आनलं."

परचुऱ्यांनी डायरी काढली आणि कासम सांगेल तसा रिपोर्ट लिहून घेतला. चौथा मैल, हनीफ कागद्याचं अंगण, खांब बुडाशी ढिला. खाली त्यांनी कासमचं नाव घातलं.